न सांगितलेली शीर

ये, अशी माझ्याजवळ बस. दारात उभी राहून "आत्या, निघते गं" म्हणायची काय पद्धत झाली ही? चप्पल काढ आधी. उलव्याहून कोपरखैरण्याला यायला तुला तीन महिने लागले, आणि सीवूड्सला त्या मावशीकडं मात्र दर सुट्टीला पाय आपोआप वळतात. मला सगळं कळतं, तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही. नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, तर माझ्याकडं मोबाईलवर फोटो आला, आणि त्या मावशीकडं तू स्वतः पेढे घेऊन गेलीस. तुझ्या बापाची सख्खी बहीण मी. ती तुझी मावशी कुठल्या नात्यानं झाली?

हसू नकोस. मगाशी चहा पिताना तू म्हणालीस, "आत्या, मुलांच्या वॉर्डात मला शीर सापडतच नाही. दोन-दोनदा टोचावं लागतं. मावशी शिकवतायत मला. त्यांचा हातच वेगळा आहे." मी कपबशा घेऊन मोरीकडं उठले ना, ते त्यासाठीच. माझं तोंड तुला दिसू नये म्हणून. तिचा हातच वेगळा आहे, हे मी वयाच्या अठराव्या वर्षापासून ऐकतेय आणि अजून ते माझ्या घशाखाली उतरत नाही.

आम्ही दोघी एकाच बॅचच्या. हॉस्टेलात खाटेला खाट लागून. तिचे वडील सरकारी ऑफिसात, कोकणातली माणसं, घरात मुलींनाही इंग्रजी पेपर वाचायला लावायचे. तुझे आजोबा, आमचे दादा, फळबाजारात हमाली करायचे. पण साताऱ्याहून आलेल्या त्या माणसानं डोक्यात घेतलं होतं की लेकीला नर्स करायची. एकदा पाठीत उसण भरली म्हणून ते दवाखान्यात पडले होते, तेव्हा तिथल्या सिस्टरनं डॉक्टरला दरडावलेलं त्यांनी पाहिलं. "ती बोलत होती आन् डॉक्टर गप ऐकत होता," हे दादा भेटेल त्याला सांगायचे.

पहिल्या वर्षी आम्ही इंजेक्शन द्यायला शिकलो ते फळावर. सालीतून सुई कशी आत जाते ते हाताला कळावं म्हणून. मी दादांना म्हटलं, तर दुसऱ्या दिवशी ते डागी मोसंब्यांची गोणी पाठीवर टाकून हॉस्टेलच्या फाटकाशी हजर. अख्ख्या बॅचनं त्या मोसंब्या टोचल्या. ट्यूटर मॅडम फिरत फिरत माझ्याकडं आल्या, माझी मोसंबी उचलली, तिच्यातून पाणी गळत होतं, ती तशीच खाली ठेवली. मग हिची उचलली. "बघा गं सगळ्याजणी. हात बघा हिचा." मोसंब्या आणल्या माझ्या बापानं पाठीवरून, आणि हात बघायचा हिचा. त्या दिवशी मी जेवायला गेले नाही. हिला वाटलं माझं डोकं दुखतंय, तर माझं ताट खोलीत आणून ठेवलं हिनं. मला त्याचाही राग आला.

पास झालो, रजिस्ट्रेशन झालं, नोकरीही एकाच हॉस्पिटलात लागली. इथंच, नवी मुंबईत. आणि दोघींना मुलांचा वॉर्ड. मी कामाला कमी नव्हते हो. औषधांची इंग्रजी नावं देवनागरीत लिहून खिशातल्या वहीत ठेवायची, येता-जाता घोकायची. एकदाही ड्यूटीवर उशिरा गेले नाही. माझ्या पलंगांच्या चादरीला सुरकुती दिसायची नाही. पण सलाईन लावायचं मूल आलं की वॉर्डभर एकच, "त्या सिस्टरला बोलवा." डॉक्टर म्हणायचे, पोरांच्या आया म्हणायच्या, झाडूवाल्या मावशीसुद्धा म्हणायच्या. मी तिथंच उभी असायचे, सुई हातात घेऊन.

ती करायची तरी काय? बाळाचा हात आपल्या दोन्ही तळव्यांत धरून नुसती बसायची. मिनिट, दोन मिनिटं. तोवर आईशी बोलायची, गाव कुठलं, घरी कोण-कोण. हात उबदार झाला, शीर जराशी वर आली, की आईचं वाक्य पुरं व्हायच्या आत सुई आत. मीही तसं करून पाहिलं. माझे हात मुळातच थंड. बाळ दचकायचं आणि आधीच रडायला लागायचं.

मग आमच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टर रिटायर व्हायची वेळ आली. त्यांच्या जागी आमच्या दोघींतली एक जाणार, आणि ते मेट्रन मॅडम ठरवणार. मला ती खुर्ची पाहिजे होती. इतकी पाहिजे होती की स्वप्नात मी इनचार्जच्या टेबलाशी बसलेली असायचे. इनचार्जला सुई धरायला कुणी बोलवत नाही. तिनं सांगायचं, दुसऱ्यांनी टोचायचं.

त्या दिवशी सकाळची ड्यूटी माझी होती. दीड वर्षाची एक मुलगी होती, जुलाबानं सुकून गेलेली. उजव्या हाताला सलाईन चालू, पण थेंब मंदावलेले, सुई बदलावी लागणार हे दिसत होतं. मी तिच्या डाव्या हातात दोनदा टोचलं. दोन्ही वेळा शीर फुटली. उजवीकडचं अजून कसंबसं चाललंय म्हणून मी तसंच राहू दिलं.

दोन वाजता ही आली. मी एकेका पलंगाशी उभी राहून हिला ओव्हर दिली, या पेशंटचं काय झालं, त्याचं काय राहिलं. त्या मुलीपाशी आलो. मी म्हटलं, "उजवीकडचं मंद चाललंय, बदलावं लागेल. डावा हात आहे." डावा हात आहे, एवढंच. त्या हातातल्या दोन शिरा सकाळीच गेल्यात हे मी गिळून टाकलं. टोचल्यावर चिकटवलेले कापसाचे बोळे मी ओव्हरच्या आधीच काढले होते. म्हणजे बोलायचं राहून गेलं, असं मला कुणाला सांगता येणार नाही. तीन वाजता मेट्रन मॅडमचा राउंड असतो हे मला माहीत होतं.

मी घरी गेले नाही. रजिस्टर लिहायचं निमित्त काढून टेबलाशी बसून राहिले.

हिनं नेहमीसारखा तो डावा हात तळव्यांत धरला. मेट्रन मॅडम दारातून आत आल्या. हिनं सुई घातली, आणि कातडीखाली टम्म फुगा आला. पोरगी किंचाळली. हिचं चुकलेलं मी पहिल्यांदा पाहत होते. खरं सांगते तुला, मला बरं वाटलं. त्या पोरीच्या आईनं तोंड उघडेपर्यंत बरं वाटलं.

आई इथल्याच गावातली होती, घणसोलीकडची. तिनं माझ्याकडं बोट केलं आणि हिला म्हणाली, "सकाली दोन वेला याच हातान टोचलंय. त्या सिस्टरनी तुमाला सांगला नाय का?"

मी कापूस काढला होता, शब्द तोलून-मापून वापरले होते, आणि पोर मांडीवर घेऊन बसलेली आई मात्र साफ विसरले होते. आम्ही सिस्टर लोक तिच्या समोरच सगळं बोलतो, सगळं करतो, जशी काही ती पलंगाचाच भाग आहे. अशी चूक आमचीच व्हायची.

मेट्रन मॅडमनी विचारलं, "ओव्हरमध्ये सांगितलं नव्हतं?"

हिनं पोरीचा हात वळवून पाहिला. दोन ठिपके दिसले असतील. मग टेबलाकडं, माझ्याकडं पाहिलं. म्हणाली, "सांगितलं होतं मॅडम. माझ्याच ध्यानातून गेलं." आणि पोरीचा पाय हातात घेऊन बसली. पायात पहिल्या खेपेला सुई गेली.

इनचार्ज मी झाले. मेट्रन मॅडम मला म्हणाल्या, "हात चांगला आहे तिचा, पण लक्ष नाही." मी ऐकून घेतलं. बोलायला तेव्हाही वेळ होता. बोलले नाही. दादांनी बाजारातल्या अख्ख्या टोळीला चहा पाजला.

तुला वाटेल, मग तरी हेवा संपला असेल. वाढला. आधी मला फक्त तिच्या हातांचा हेवा वाटायचा, आता ती जे बोलली त्याचाही वाटायला लागला. माणसाला इतक्या पटकन असं बोलायला कसं सुचतं? मी वाट पाहायचे, कधीतरी टोमणा मारेल, कधीतरी भांडेल. एकदा जरी भांडली असती तरी मी सुटले असते. ती दुसऱ्या दिवशी आली आणि म्हणाली, "इनचार्ज बाई, माझी सुट्टी तेवढी बघा हं." पुढं इतकी वर्षं मी ड्यूट्या लावल्या, चादरी मोजल्या, डॉक्टरांना दरडावलं. ती पोरं टोचत राहिली, नव्या मुलींना शिकवत राहिली. माझ्या निरोपाला शाल-श्रीफळ झालं. तिच्या निरोपाला बायका आपली मोठी झालेली पोरं घेऊन आल्या होत्या. मी मागच्या रांगेत बसून ती पोरं बघत होते.

आणि आता तू. माझ्यानंतर घरात या कामात आलेली तू एकटी. तुझा फॉर्म मी भरला, अ‍ॅडमिशनच्या रांगेत तुझ्याबरोबर मी उभी राहिले, आणि शिकायला तू तिच्याकडं जातेस. मला फार लागलं ते. शीर मी तुला शिकवू शकत नाही, मला अजून सापडत नाही ती. पण ओव्हर कशी द्यायची ते माझ्याकडून शिक. मी इनचार्ज असताना माझ्या वॉर्डात जिनं टोचलं तिनंच टोचलेल्या जागेवर बोट ठेवून दाखवायचं, किती वेळा चुकलं ते आईच्या समोर मोठ्यानं सांगायचं, मगच घरी जायचं. मुली मला खडूस म्हणायच्या. कारण कुणाला माहीत नव्हतं. आज तुला सांगितलं.

तिला विचारायला जाशील तर ती कबूल होणार नाही. म्हणेल, "छे, मीच विसरले होते." आणि मग ती तुला आणखीनच आवडेल. मला ते नको आहे, तरी बोलून बसले. आता तू माझ्याबद्दल काय समजायचं ते समज, पण समजून झालं की तोंड फिरवू नकोस.

घाल चप्पल, तुला उशीर होतोय. पुढच्या सुट्टीला इकडं ये, जेवायलाच ये. वाटल्यास तिलाही घेऊन ये. नको, आधी एकटी ये, मग दोघी या. पण ये लवकर.