मीनाच्या अक्षरातली कार्डं

नव्वदच्या आसपास नवघरला मीनाच्या घरी आम्ही दोघी ग्रीटिंग कार्डं आणि चित्रं काढलेले चहाचे मग बनवायचो. मीना माझी शेजारीण. अक्षरं, चित्रं तिची. गिऱ्हाइकांशी बोलणं माझं. कार्डावर काय लिहायचं हे सांगता सांगता माणसं घरातलं काय काय बोलून जातात. कार्ड घेऊन जातात, पण बोललेलं आमच्याकडेच राहतं. आजही मीनाकडे चहाला बसलं की त्यातलं एखादं निघतंच.

एक गृहस्थ आईच्या पंचाहत्तरीसाठी कार्ड करायला आले. बँकेत मोठ्या जागेवर होते. मीनाने त्यांच्या गावच्या घराचं चित्र सुचवलं, तर नको म्हणाले, मजकुराला जागा कमी पडेल. आईच्या कष्टांवर त्यांनी स्वतः भलंमोठं लिहून आणलं होतं. तिला हल्ली कमी दिसतं, म्हणून अक्षर ठळक पाहिजे, हेही बजावलं. कडेने नुसती वेलबुट्टी.

समारंभानंतर ते बाजारात भेटले. आईंना कार्ड आवडलं का, मी विचारलं. आईने ते उलटं धरलं होतं म्हणाले.

“तिला वाचता येत नाही, हे मला तिच्या पंचाहत्तरीला कळलं.”

हाटकेशला एक छोटा कारखाना होता. मालकांनी दिवाळीला सगळ्या कामगारांसाठी मग सांगितले. वर लाल अक्षरांत ‘आपण एक कुटुंब’, खाली कारखान्याचं चित्र. धूर नको, फुलं दाखवा, अशी सूचना. मीनाने गेटपाशी जास्वंद काढली, रंग चढवला आणि सगळे मग भट्टीत नीट भाजून घेतले.

सुट्टी संपवून माणसं कामावर गेली, तर गेटला कुलूप. त्यांतले एक रत्नागिरीकडचे काका आमच्याच गल्लीत राहायचे. पुढे बऱ्याच दिवसांनी मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा चहा त्याच मगमधून आला. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, अजून नवा दिसतोय.

“रंग पक्का लावलात हो तुम्ही,” काका म्हणाले. “कंपनी गेली, फुलं काय जात नाहीत.”

मग कॉम्प्युटर आले. स्टेशनजवळच्या डीटीपीवाल्याने फॉन्टच्या नमुन्यांचा कागद दिला, तो आम्ही भिंतीला लावला. मुलाच्या मुंजीची पत्रिका करायला एक बाई आल्या. मीनाने हाताने लिहून दाखवलेला नमुना त्यांनी बाजूला सारला. हल्ली असं कोणी करत नाही म्हणाल्या. कागदावरचे फॉन्ट बराच वेळ निरखले, एकही पसंत पडेना. सगळे कसे मशीनचे वाटतायत, अशी तक्रार. शेवटी मलाच विचारलं, “हाताने लिहिल्यासारखा दिसणारा एखादा फॉन्ट नाही का?”

मीना समोरच बसली होती. तिने पेनाला टोपण लावलं आणि चहा टाकायला आत गेली.

आणि सावंतकाका. आमच्या मागच्या बिल्डिंगमधले, रिटायर्ड. काकूंच्या वाढदिवसाला कार्ड हवं होतं, पण ते मुलाने पाठवलेलं दिसायला हवं. मुलगा परदेशात असतो का, मी विचारलं. दहिसरला असतो, म्हणाले, इथून दोन स्टेशनांवर. मी चित्रांचे नमुने पुढे केले.

मोगऱ्याचं चित्र त्यांनी निवडलं. मीनाने खाली ‘आईस’ लिहून दाखवलं. काकांनी कार्ड लांब धरून पाहिलं.

“फार सुंदर आहे. एवढं सुंदर नको. तो जरा घाईत असतो.”

मीनाने साध्या बॉलपेनने, ओळ थोडी वाकडी करून पुन्हा लिहिलं. काका खूश होऊन गेले.

काही महिन्यांनी काकू आल्या. बाजाराची पिशवी खाली ठेवली, पदराने घाम टिपला. यांचा वाढदिवस आलाय म्हणाल्या, मुलाच्या नावाने एक कार्ड हवंय. मीनाने माझ्याकडे पाहिलं. मग हळूच विचारलं, अक्षर कसं हवं?

“मागच्या वेळचंच ठेवा,” काकू म्हणाल्या.