आधी मेन व्हॉल्व्ह बंद

त्याला सगळे वॉशरभाऊ म्हणत. खिशात एकवेळ रुमाल नसेल, पण रबरी वॉशर असायचेच. हाडाचा प्लंबर. कुणी चहाला बोलावलं तरी हा आधी सिंकखाली वाकून यायचा, मग बसायचा. गळणारा नळ दिसला की त्याला चैन पडत नसे. पहिल्यांदा सासरी गेला तेव्हा त्यांचा फ्लश दुरुस्त करूनच जेवायला बसला, आणि सासूबाई तेव्हापासून जावयावर बेहद्द खूश.

बायकोला पाचवा महिना लागला आणि दोघं सोनोग्राफीला गेली. डॉक्टरबाईंनी पडद्यावर एक काळा ठिपका दाखवला.

"ही बाळाची डावी किडनी. जरा सुजलीय. लघवी खाली उतरताना अडखळतेय, म्हणून आत साठतेय. उजवी छान आहे. बहुतेक वेळा हे आपोआप निवळतं. आपण लक्ष ठेवू. वाढतच गेलं, तर जन्मानंतर ऑपरेशन लागू शकतं."

बायकोने 'बहुतेक वेळा' ऐकलं, वॉशरभाऊने फक्त 'ऑपरेशन'. त्याचं धाबंच दणाणलं. एवढासा जीव आणि त्याला सुरी! घरी येईपर्यंत त्याने मनातल्या मनात सगळी लाइन तपासली. तुंबलंय, म्हणजे पुढे कुठेतरी अडलंय. आणि तुंबलेल्या लाइनचा पहिला नियम त्याला झोपेतही पाठ होता: आधी मेन व्हॉल्व्ह बंद.

"अगं, पाणी जरा बेतानं पी. वरून कमी आलं की आत कमी साठेल."

बायकोला ते पटलं. सासूबाई तर म्हणाल्या, "पाण्यातलं त्यांना नाही कळणार तर कुणाला?" झालं! ती बिचारी घोट घोट मोजून पिऊ लागली. ओठ सुकले, डोकं दुखायला लागलं, तरी बाळासाठी सगळं निमूट सोसत होती.

पुढच्या तपासणीला डॉक्टरबाईंनी पडदा बघण्याआधी तिचे ओठ बघितले.

"पाणी पीत नाही का?"

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने हातवारे करत सगळी जोडणी समजावून सांगितली. डॉक्टरबाईंना आधी हसू फुटलं, मग त्या चिडल्या.

"अहो, पोटातलं बाळ म्हणजे तुमची गच्चीवरची टाकी नाही! हिला तहानलेलं ठेवून बाळाची सूज उतरत नसते, हिचेच हाल होतात. आजपासून पोटभर पाणी. आणि तुम्ही हिचे नवरा आहात, प्लंबर नाही!"

सूज होती तेवढीच होती, वाढली नव्हती. वॉशरभाऊ कानाच्या पाळीपर्यंत लाल झाला.

"चुकलो गं," तो जिन्यात म्हणाला.

"चुकलात खरे. आता ती बाटली भरून आणा."

यथावकाश मुलगी झाली. रडली अशी की मजला दणाणला. वॉशरभाऊला त्याच दिवशी तपासणी हवी होती, पण डॉक्टरबाई म्हणाल्या, "आज नको. अजून तिच्या पोटात दूधच फारसं गेलेलं नाही, सूज असली तरी दिसायची नाही. नीट पिऊ लागली की बघू."

सासूबाई वैतागल्या. "मशीन इथे, बाळ इथे, मग थांबायचं कशाला?"

"आई, टाकी भरल्याशिवाय गळती कळत नाही," जावई म्हणाला.

"हे मात्र बरोबर बोललात," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या एका वाक्यावर त्याने तो आठवडा काढला. लंगोट ओला झाला की घरात आनंदीआनंद. दोरीवरची रांग बघून शेजारीण विचारून गेली, "जुळं झालं का हो?"

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी डावी किडनी पडद्यावर दोनदा मोजली. वॉशरभाऊ खिशातला वॉशर पिळत उभा.

"सूज निम्म्यावर आलीय," त्या शेवटी म्हणाल्या. "लघवी छान उतरतेय. ऑपरेशनचं डोक्यातून काढून टाका. अधूनमधून दाखवत राहा, बस."

त्याचा जीव भांड्यात पडला. बाहेरच्या बाकावर लेकीला मांडीवर घेऊन तो चारचौघांत ढसाढसा रडला. बायकोने बाटलीचं झाकण उघडलं.

"प्या. सकाळपासून घोटभर पाणी पोटात नाही तुमच्या."

तो गटागटा प्यायला. तेवढ्यात मांडी उबदार झाली आणि पॅन्टवरून ओघळ निघाला.

"अहो, उठा, सगळं भिजतंय!"

पण आयुष्यात पहिल्यांदाच वॉशरभाऊ गळती बघून जागचा हलला नाही.