आमच्या तांड्याचा नकाशा

बापूंनी माझी पत्र्याची पेटी एसटीत सीटखाली सरकवली आणि सेनगावच्या स्टँडवर खिडकीशी येऊन उभे राहिले. याडी, म्हणजे माझी आई, तांड्यावरच थांबली होती. निघताना ती एवढंच म्हणाली होती, "पोटाला खात जा." गाडी हलली तसे बापू चार पावलं सोबत चालले आणि थांबले. हिंगोलीच्या आयटीआयमध्ये मी आरेखनाचा कोर्स केला होता आणि पुण्यात नकाशांच्या एका कंपनीत मला काम मिळालं होतं. तेव्हा आमचा जिल्हा परभणी होता. पुढं हिंगोली वेगळा जिल्हा झाला, ते मी पुण्यात पेपरात वाचलं.

पुण्यात माझा पाय कुठं टिकेना. दोन वर्षांत तीन खोल्या बदलल्या. रविवारी उगीच हडपसरहून स्वारगेटपर्यंत चालत जायचो आणि चालतच परत यायचो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले, त्यांना हे सांगायची गरज नाही.

कामही फिरतीचंच, फक्त खुर्चीत बसून. परदेशातले नकाशे स्कॅन होऊन यायचे, त्यातली रेघ न् रेघ संगणकावर पुन्हा गिरवायची. एकदा ग्रीसमधल्या एका ग्रामीण नगरपालिकेचा नकाशा माझ्याकडं आला. डोंगरातली डझनभर खेडी एकत्र करून ती नुकतीच केलेली होती. सोबत दोन पानांची माहिती होती. उतारावर ऑलिव्हच्या बागा, उन्हाळ्यात कोरडे पडणारे ओढे. लोक मूळचे मेंढपाळ. थंडीत कळप घेऊन खाली उतरायचे, उन्हाळ्यात परत वर. पुढं तरणी माणसं शहरात, परदेशात गेली आणि वरची काही गावं ओस पडली. त्यांची नावं मात्र नकाशावर होती.

मी सेक्शनच्या मॅडमना विचारलं, "इथं आता कोणीच राहत नाही. नाव सोडू का?"

"गाव पडलेलं असलं तरी नाव लिहायचं," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी आमच्या तालुक्याचा नकाशा मिळवून पाहिला. साठेक घरांचा आमचा तांडा त्यात नव्हताच. आम्ही कागदोपत्री शेजारच्या मोठ्या गावात मोडायचो. ग्रामपंचायत त्यांची, पाण्याची टाकी त्यांच्याकडं, रेशनचं दुकानही तिथंच.

दिवाळीला गेलो तेव्हा तिकडच्या ओस गावांचं आणि आपल्या नकाशाचं बापूंना सांगितलं. तांड्यावर तेव्हा वेगळ्या ग्रामपंचायतीच्या अर्जाची तयारी चालू होती आणि अर्जासोबत नकाशा अन् तांड्याची माहिती लागणार होती. घरात आम्ही बंजाऱ्यांची गोरमाटी बोलतो. बापूंचं बोलणं मी इथं मराठीत लिहितोय.

"लोकाचे डोंगर काढून राहिला तू," ते म्हणाले. "आता आपला बी काढ."

मी रजा वाढवून घेतली. चार दिवस टेपचं एक टोक बापूंच्या हातात, दुसरं माझ्या. चालता चालता ते सांगत गेले. त्यांच्या आजोबांचा बैलांचा तांडा मीठ आणि धान्य वाहायचा. मोटारी आल्या, तो धंदा बसला. या माळाच्या नाल्याला पाणी दिसलं म्हणून त्यांनी बैलांच्या पाठीवरचं ओझं इथं उतरवलं, ते कायमचं. हे सगळं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. लहानपणी कधी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी उगवतीच्या बाजूला मोजत गेलो आणि माझा हात थांबला. सात घरं सरकारी गायरानात येत होती. त्यातलं एक आमचं.

"बापू, हद्दीची रेघ थोडी सरकवतो. कोणाला कळणार न्हाई."

बापूंनी टेप खाली ठेवली. "तिकडच्या पडक्या घराची रेघ तू बराबर काढतो. मंग आपलीच खोटी काहून?"

"घर जाईल."

"गेलं तर दुसरं बांधू. तांड्याचं नाव पहिल्यांदा कागदावर येऊन राहिलं, ते खोट्या कागदावर नको."

मी रेघ खरी काढली. पण त्यानंतर कितीतरी वर्षं सेनगावच्या एसटीडी बूथवरून फोन आला की मी आधी घराचंच विचारायचो. नोटीस आली, सुनावण्या झाल्या. घरं राहिली, जागा अजून नावावर झालेली नाही. कागद या ऑफिसातून त्या ऑफिसात फिरले आणि शेवटी ग्रामपंचायत मंजूर झाली.

पहिल्या निवडणुकीला मी मुद्दाम रजा काढून गेलो. शाळेत बापूंच्या मागं रांगेत उभा राहिलो. टेबलावरच्या बाईंनी यादीवर दोनदा बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "तुमचं नाव यात नाही." मग आठवलं, पुण्यात मतदार ओळखपत्र काढताना इथलं नाव कमी करायच्या फॉर्मवर मीच सही केली होती.

बाहेर पायरीवर बसून राहिलो. शाई लावलेलं बोट जपत बापू बाहेर आले आणि शेजारी बसले.

"पुढच्या बारीला नाव इथं घालून घे."

"बघतो."

"बघतो नको म्हणू. हो म्हण न्हाई तर न्हाई म्हण, एक काय ते सांग."

नाव अजून पुण्याच्याच यादीत आहे. पुण्यात असलो की तांड्यावर कोण आजारी आहे याची काळजी लागते, तांड्यावर पोचलो की परतीच्या गाडीची वेळ आठवते. घर कुठलं, असं आता कोणी विचारलं तर मी तांड्याचं नाव सांगतो आणि समोरचा पुढं काही विचारायच्या आत विषय बदलतो.