नसलेला कोनाडा

लिहिण्याचा अधिकार नेमका कोणाला असतो, हे मला अद्याप उमगलेले नाही. इतरांचे लेखन वर्गात शिकवण्यात वर्षे गेली, आणि पन्नाशी ओलांडल्यावर स्वतःच्या चार ओळी मांडाव्यात असे वाटू लागले तेव्हा विषय सुचला तो संगणकाच्या जळालेल्या मदरबोर्डचा. या धारिष्ट्याबद्दल वाचकांनी मला उदार मनाने क्षमा करावी.

यंदाच्या चैत्रातली ती दुपार मला वासानेच आठवते. नगरच्या आमच्या अंगणातला कडुनिंब फुलला होता, खिडकीतून येणाऱ्या उन्हालाही त्या फुलोऱ्याचा मंद, कडवट गोडवा चढला होता, आणि त्यातच एकाएकी राळ जळावी तसा उग्र दर्प मिसळला. गेलेली वीज नको तितक्या आवेशाने परतली होती. संगणकाचा पडदा काळवंडला, पेटीतल्या पंख्याची घरघर थांबली आणि त्या अनपेक्षित शांततेत, माझ्यामागे मेथी निवडत बसलेल्या आईने विचारले, "मेलं का गं त्ये?"

काय गेले आणि काय उरले, हे सांगायला विलास आला. हा माझा जुना विद्यार्थी. मराठीत जेमतेम उत्तीर्ण झालेला, आता दिल्ली दरवाजाजवळ संगणक-दुरुस्तीचे दुकान चालवणारा. "डिस्क वाचलीय, मॅडम. मदरबोर्ड गेला. बाकी सगळं ज्याच्यावर बसतं ना, तेच." नवा बोर्ड बसवावा, जुने सारे पुसून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने घालावी, असा त्याचा सल्ला होता. जुनी सिस्टिम नव्या बोर्डवर चालली तरी बावचळते म्हणे. जे तिथे नाही ते शोधत बसते.

पुसायला मी तयार नव्हते. गेले वर्षभर आई मिरजगावकडच्या आपल्या आठवणी सांगत होती आणि मी त्या जशाच्या तशा टंकलिखित करीत होते. ज्या वळणाच्या मराठी अक्षरांत, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये, त्या उतरल्या, ती अक्षरे लग्नपत्रिका छापणाऱ्या एका परिचित गृहस्थांनी फ्लॉपीवरून घालून दिली होती. ते गृहस्थ गाव सोडून गेले आणि फ्लॉपीला बुरशी आली. अक्षरे आता त्या एका सिस्टिममध्येच रुजलेली होती, आणि ती उपटून दुसरीकडे लावली तर जगतील याची हमी विलास देईना. त्याने दुकानातल्या संगणकाला माझी डिस्क जोडून नमुन्यादाखल एक पान छापून आणले. आईच्या बोलण्याच्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रास पडली होती. मजकूर सगळा होता. वाचता मात्र येत नव्हता. मी तो कागद आईपुढे धरला.

आईने तो कागद हाती घेऊन उलटसुलट निरखला. तिला अक्षरओळख नाही. "मला तर आदीबी असंच दिसत हुतं," ती म्हणाली. विलासला हसू आवरेना. "न्हाई ऱ्हायलं तर न्हाई. मी हाय की. परत सांगते."

आणि तिने तिथेच, मेथीची जुडी सोडता सोडता, पुन्हा सांगितलेही. छप्पन्न सालच्या धर्मांतरानंतर घरातले देव पाटीत भरून सीना नदीत सोडले, तो दिवस. पूर्वी मी टंकलेल्या कथनात ती पाटी माझ्या आजोबांच्या डोक्यावर होती. या वेळी ती आईच्या स्वतःच्या कमरेवर आली, आणि नदीचे पाणीही गुडघ्यापर्यंत चढले. खरे कोणते, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही. पण पहिले कथन मिटले तर ते पुन्हा मिळणार नाही, एवढे मला त्या क्षणी लख्ख कळले.

आईचा कौल मात्र विलासच्या बाजूचा. "जोतं बदललं, मग भित्ताडं जुनी कशाला? आमी न्हाई का सगळं काढून टाकलं? अर्दं जुनं, अर्दं नवं ठिवलं की घरात रोज भांडान." तिच्या आवाजात खंतीचा लवलेश नव्हता, जुने टाकून ती ताठ मानेने जगली होती, आणि त्या ताठ मानेमुळेच मी शिकले.

अखेर माझ्या भिडेखातर विलासने जुन्या सिस्टिमसह नवा बोर्ड चालवून पाहण्याचे कबूल केले. पडदा उजळला आणि नवे उपकरण आढळल्याच्या सूचना एकामागून एक उमटू लागल्या. जणू दीर्घ मूर्च्छेतून उठलेले कोणी आपलेच हात, आपलेच डोळे चाचपून पाहत होते. "ओळख परेड चाललीय," विलास म्हणाला. "तासाभराचं काम म्हनला हुतास," आई म्हणाली, "तुजा तास लई लांब हाय, बाबा." ऊन खिडकीतून निघून भिंतीवर चढले, तेव्हा कुठे माझे पान उघडले. अक्षरे जागच्या जागी होती.

विलासने मग मला पडद्यावर सुट्या भागांची यादी दाखवली. तीत नव्या बोर्डचे भाग होते, आणि जळून गेलेल्या बोर्डचेही. "हे आता पेटीत नाही, मॅडम, पण याला वाटतंय आहे. म्हणून अधूनमधून अडकणार. रविवारी येतो. तोवर ठरवा."

तो गेला. दिवेलागणीला आई उठली, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून तिने हात जोडले. आणि स्वयंपाकघराकडे वळताना, नेहमीप्रमाणे, तिचा उजवा हात दाराशेजारच्या सपाट भिंतीला क्षणभर लागला. इतकी वर्षे मी ते तोल सावरणे समजत होते. त्या संध्याकाळी मला मिरजगावचे घर आठवले: स्वयंपाकघराच्या दाराशेजारी, त्याच उंचीवर, एक कोनाडा होता. माझ्या लहानपणी त्यात काडेपेटी असे. माझ्या जन्मापूर्वी त्यात काय असे, हे मला कोणी सांगितले नव्हते, आणि आईलाही तिचा हात तिकडे जातो हे ठाऊक असावे असे वाटत नाही. नगरच्या या भिंतीत कोनाडा कधीच नव्हता. तिच्या तळव्याच्या स्पर्शाने तिथला चुना मात्र किंचित काळसर, गुळगुळीत झाला आहे.

संगणक चालतो आहे. मधूनच थबकतो, नसलेले काहीतरी शोधतो, आणि पुन्हा चालू लागतो. उद्या रविवार. विलास येईल आणि दारातच विचारील, तेच मी आपल्याला विचारते: पुसू का?