उपाशी ठेवायचे जीव

"भाऊ, यांना कोणी खाऊ तर नाही घातलं ना?"

प्रयोगशाळेत पाय टाकला की मॅडमचा पहिला प्रश्न हाच. पर्स खांद्यावर तशीच, एक डोळा मिटलेला, दुसरा मायक्रोस्कोपला चिकटलेला.

मी गोंदियाच्या एका कॉलेजात शिपाई होतो. शिक्षण चौथी. मोठ्या शब्दांत सांगता येत नाही. पाहिलं तसं सांगतो. मॅडम तळ्याच्या पाण्यातले एका पेशीचे जीव पाळत. चपलेच्या तळासारखा आकार, अंगभर बारीक केस, त्या केसांनीच पोहायचं. धानाचं तणीस, म्हणजे भाताचा पेंढा, उकळून मुरवलेलं पाणी, हे त्यांचं जेवण.

नागरा गावच्या तळ्यातल्या पाण्यात त्यांना एक वेगळाच सापडला. बाकीचे कशाला धडकले की मागे सरतात, वाट बदलतात. हा सरतच नव्हता. तिथंच डोकं लावून बसायचा.

"तुमच्यासारखा आहे, भाऊ," मॅडम म्हणाल्या.

"मग तुमच्याबी गोताचाच म्हना," मी म्हणालो. तशा खूप हसल्या.

हा जीव एकाचे दोन, दोनाचे चार असा आपोआप वाढतो. पण नुसता असाच वाढत राहिला तर सगळा वंश म्हातारा होतो आणि संपतो. दुसऱ्या गोताच्या जीवाशी जोडी लागली, की दोघं आपल्यातलं अर्धं एकमेकांना देतात आणि पुन्हा तरुण होऊन सुटे होतात. मॅडमना पाहायचं होतं, मागे न सरण्याचा गुण लेकरानातवांत उतरतो का. इकडे वंश थकत चालला होता. मग आम्ही बाटल्या घेऊन गावोगावच्या बोड्या, म्हणजे लहान तळी, हिंडलो. आमगावला कोणी विचारलं, तर मी सांगायचो, "सोयरीक पाहून राहिलो जी." शेवटी जमलं ते माझ्याच गावच्या, कामठ्याच्या बोडीत.

एक अट होती. जोडी लावायची तर आधी उपाशी ठेवायचं. पोट भरलेलं असलं तर कोणी कोणाकडे पाहत नाही.

त्या दिवशी माझी बायको डबा घेऊन आली. मी कौतुकानं सांगितलं, "हे उपाशी हायेत. उद्या यांचं लगन हाये."

"लगनाच्या घरी उपाशी कायले ठेवता? पाप लागन ना, बाप्पा!"

मी घंटा द्यायला गेलो, तेवढ्यात बायकोनं तणसाचं सगळं पाणी ओतून दिलं. घरी जाताना समाधानानं सांगितलं, जेवले म्हणून. दुसऱ्या दिवशी सगळे गुबगुबीत, जोडी एक नाही. मॅडमनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "वहिनींना सांगा, लग्न पुढं ढकललं."

पुढच्या खेपेला लागलं. "या भाऊ, पाहा! भेटून राहिले!" मी डोळा लावला. दोन जीव एकमेकांना चिकटून एकच होऊन पोहत होते. पण त्यांची लेकरं निघाली ती सगळी मागे सरणारी. मला वाईट वाटलं.

"गेला ना जी गुण?"

"गेला नाही, भाऊ. लपला आहे. ही लेकरं वयात येऊ द्या, त्यांच्या जोड्या लावू. नातवांत निघेल."

ती वयात यायच्या आधी माझी बायको गेली. तापाचं निमित्त. तेरवी झाली, लोक पांगले. मी चूलच पेटवली नाही. कोणासाठी पेटवायची? एका दुपारी मॅडम कामठ्याला आल्या. डबा उघडून समोर ठेवला. भात, वरण, भाजी.

"भूक नाही, मॅडम."

"मी विचारलं का?" म्हणाल्या, आणि मी खाईपर्यंत समोर बसून राहिल्या. जगभराला उपाशी ठेवणारी बाई!

मी रिटायर झालो आणि मॅडमचा आजार निघाला. नागपूरला जायच्या आधी त्यांनी एक बाटली माझ्या हाती दिली. तीच लेकरं. म्हणाल्या, "आता वयात आलीच आहेत, भाऊ. मी तिकडून निघाले की फोन करीन. त्या दिवसापासून काही घालू नका. येताना मायक्रोस्कोप घेऊन येते. नातू सोबतच पाहू."

फोन आला, पण त्यांच्या भावाचा.

बाटली ओसरीत असते. सकाळी उन्हात धरली की पांढरी धूळ हलल्यासारखी दिसते. जिवंत आहेत. काचेला धडकून कोण मागे सरतो, कोण सरत नाही, ते ह्या डोळ्यांना दिसत नाही. उपाशी ठेवले तर जोड्या लागतील, नातू होतील, लपलेला गुण निघेल. सगळं ठाऊक आहे. रोज ठरवतो, आजपासून काही घालायचं नाही.

मग चूल पेटवतो. आपला भात ठेवतो, आणि शेजारी त्यांचं तणीस.