चला, बरोबर बोलूया

"आजी, तुम्ही घरी बोलता तसंच बोला. अगदी काहीही."

सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माइक मोठीमायच्या तोंडापुढं धरला. मोठीमाय म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. नागपूरच्या मिहानमधल्या एका कंपनीचा गारगार हॉल. पुढच्या रांगेत शाळांचे संचालक, मोठे पाहुणे, त्यांच्या बायका. मागं भिंतभर पडदा. मोठीमाय पांढरं लुगडं नेसून आली होती. पौर्णिमेला विहारात जाताना नेसते, ते. तिला सांगितलं होतं, सत्कार आहे.

ती म्हणाली, "मी पहाटपासून निंघाली. अजून मले चाय भेटली नाही."

टुंग.

पडद्यावर तिचं वाक्य उमटलं. 'निंघाली'खाली लाल रेघ. 'मले'खाली लाल रेघ. 'चाय भेटली'खाली लाल रेघ. त्याच्याखाली हिरव्या अक्षरांत दुसरं वाक्य आलं. मी पहाटेच निघाले. अजून मला चहा मिळाला नाही. आणि मशीनमधून एका बाईचा गोड आवाज आला, "चला, बरोबर बोलूया!"

हॉल हसला.

मोठीमायही हसली. तिला वाटलं, तिचं बोलणं लोकांना आवडलं.

"आजी, आता हिरवं वाक्य म्हणा बघू माझ्या मागं. मला..."

"मला."

"चहा..."

"चाहा."

टुंग.

पुन्हा हशा. पुन्हा "चहा". पुन्हा टुंग. या वेळी मोठीमाय हसली नाही. तिनं हॉलकडं पाहिलं, मग मला शोधलं. मी भिंतीजवळ उभा होतो. त्या नजरेबद्दल मी लिहिणार नाही. ती माझ्याजवळच राहू द्या.

पण एक लिहितो. एवढ्या भरल्या हॉलात एकालाही ऐकू आलं नाही की म्हातारी पहाटेपासून चहाविना आहे. तिच्या चुका सगळ्यांनी ऐकल्या. ती काय म्हणाली, ते कोणीच नाही.

स्टेजवर खुर्चीत सर बसले होते. माझे सर. ते हसले नाहीत. ते सावकाश मान हलवत होते. विद्यार्थ्यानं बरोबर उत्तर दिलं की हलवायचे, तशी.

सर कोण, ते सांगतो.

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. गाव पारशिवनी तालुक्यातलं. नागपूरला कॉलेजात आलो, त्या पहिल्याच आठवड्यात फळ्यावर ऊन पडलं होतं म्हणून मी उठून म्हणालो, "सर, मले दिसून नाही राहिलं." मागच्या बाकावरून एकानं सुरू केलं, "राहिलं रे राहिलं, याचं दिसायचं राहिलं." सगळा वर्ग त्याच चालीत बाक वाजवायला लागला. त्यानंतर मी हजेरीलाही तोंड उघडलं नाही. नुसता हात वर करायचो.

बाकीच्या प्राध्यापकांनी पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारलं होतं. सरांनी गाव विचारलं. ते भाषाविज्ञान शिकवायचे. एके दिवशी त्यांनी फळ्यावर चार वाक्यं लिहिली. 'मी जेवून राहिलो.' 'मैं खा रहा हूँ.' 'मी जेवतो आहे.' चौथं इंग्रजी, 'आय ॲम ईटिंग.' म्हणाले, "माणूस एकच, ताट एकच, घास एकच. चार भाषांनी तो आपापल्या रीतीनं बांधला. हिंदीला मदतीला 'रहना' लागतं, याच्या बोलीला 'राहणे' लागतं. हा नियम आहे. याच्या गावातलं शेंबडं पोरही तो नियम मोडत नाही. मग सांगा मला, यात अशुद्ध काय आहे?"

वर्गानं चारही वाक्यं वहीत उतरवली. मागच्या बाकानंही.

 त्या संध्याकाळी मी कॉलेजातून शहरातल्या महाल भागापर्यंत पायी गेलो आणि रस्ताभर बोलत गेलो. केळीवाल्याशी, पंक्चरवाल्याशी, कारण नसताना. माझ्याच बोलीत. मोठ्यानं. कोणी जमीन देतं, कोणी नोकरी लावून देतं. सरांनी मला माझं तोंड दिलं. असं मी कैक वर्षं लोकांना सांगत फिरलो. आता तेच वाक्य मी कोणाला सांगत नाही.

एम.ए. झाल्यावर सरांचाच फोन आला. ते या कंपनीचे भाषा सल्लागार झाले होते. फोनवरून खेड्यातल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, आणि तेही त्यांच्या स्वतःच्या बोलीतून. "तुझ्या बोलीतून थेट इंग्रजीत. मध्ये पुस्तकी मराठीचा टोलनाका नाही," सर म्हणाले. मी दुसरा विचार केला नाही. सर म्हणतात म्हटल्यावर विचार काय करायचा?

माझं काम असं. गावात जाऊन लोकांचं बोलणं रेकॉर्ड करायचं. मग एकेक वाक्य उकलायचं. त्याच्या शेजारी हिंदी मांडायची, इंग्रजी मांडायची आणि दाखवायचं की कोणता शब्द कुठून उठतो आणि कुठं जाऊन बसतो. मला ते काम आवडायचं. खोटं काहून बोलू? रात्री झोपेतही वाक्यं उलगडत असायचो.

मोठीमायच्या अंगणात बाया मिरच्यांची देठं तोडायला बसतात. नाकातोंडाला पदर बांधून. मी मधोमध फोन ठेवायचो. आधी कोणी बोलेना.

"आमच्या बोलन्यात काय सोनं हाये गा?" मोठीमायनं विचारलं.

मी तिला समजावलं. आपल्या वाक्यात करणारा आधी येतो आणि कामाचा शब्द सगळ्यात शेवटी बसतो. 'मी भाकर खातो.' खातो शेवटी. घरातली बाई कशी सगळ्यांचं झाल्यावर जेवायला बसते, तशी. हिंदीतही तिचं तेच. पण इंग्रजीत ती बाई नवऱ्याच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरवरच ताट घेऊन बसते. भाकर तिच्या मागून येते.

मोठीमायनं हातातली मिरची खाली ठेवली. "मंग चांगली हाये का नाही थे इंग्रजी! शिकव बापा आमच्या पोरीयले."

"पोरीयले काहून वं? पह्यले आमाले शिकवा म्हना," शेजारची एक बाई म्हणाली. "मी आजपासून इंग्रजीत जेवतो, घरच्यायले म्हना थांबा."

बाया इतक्या हसल्या की मिरचीच्या ठसक्यानं सगळ्या खोकायला लागल्या.

मग तोंडं मोकळी झाली. सासूचं, सुनेचं, पुरात वाहून गेलेल्या शेळीचं. एका दुपारी मोठीमाय मोठ्याबाबाच्या शेवटच्या आजाराचं बोलली. तिच्या नवऱ्याचं. नागपूरच्या दवाखान्यात तो तिला काय म्हणाला होता, ते. आमच्या घरात कोणाला ते माहीत नव्हतं. फोन चालू आहे हे तिला ठाऊक होतं. बोलून झाल्यावर तिनं विचारलं, "हे आयकून कोनी हासनार तं नाही ना?"

"नाही वं मोठीमाय," मी म्हणालो. सरांच्या भरवशावर म्हणालो.

कंपनीच्या वरच्या मजल्यावर दुसरी टीम काय करत होती, ते त्या हॉलात पडद्यावरच्या लाल रेघांवरून मला कळलं. मोठीमायच्या अंगणातलं सगळं बोलणं त्यांनी मशीनला चूक ओळखायला शिकवण्यासाठी वापरलं होतं. चुकीचा नमुना म्हणून. पोरानं आधी पुस्तकी मराठीत बोलायचं. टुंग थांबलं की मगच इंग्रजी. टोलनाका बांधून तयार होता. आणि त्याच्या विटा आमच्याच अंगणातून नेल्या होत्या.

"आणि आता आमचे फील्डमधले हिरो!"

स्टेजवरून त्या मुलीनं माझं नाव पुकारलं. स्मृतिचिन्ह द्यायचं होतं. मी स्टेजवर गेलो. स्मृतिचिन्ह घेतलं नाही. त्या मुलीच्या हातातला माइक घेतला. पडदा चालूच होता.

"थे माही मोठीमाय हाये," मी म्हणालो.

टुंग. लाल. खाली हिरव्यात, ती माझी मोठी आई आहे.

थोडे लोक हसले. त्यांना वाटलं, हाही कार्यक्रमाचाच भाग.

"तिले पहाटपासून चाय नाही भेटली. हे तुमच्यातल्या कोनं आयकलं?"

टुंग.

"आमच्या पोरायले शिकवाचं म्हनून तुमी आमचं बोलनं नेलं. खोटं बोलून नेलं."

टुंग. टुंग.

"मी हे काम सोडून राहिलो. आत्ता. अन् आमच्या बायायचे आवाज तुमच्या मशीनीतून काढून टाका."

वर लाल रेघा पडत होत्या, खाली हिरव्या अक्षरांत सगळं शुद्ध होऊन येत होतं. तुम्ही खोटं बोलून नेलं. मी हे काम आत्ता सोडत आहे. आमच्या बायकांचे आवाज तुमच्या मशीनमधून काढून टाका. मशीन इमानदारीनं काम करत होतं. पुढच्या रांगेला आता वाचावंच लागत होतं. कोणी हसलं नाही. कोणीतरी धावत जाऊन पडदा बंद केला.

जिन्यात सरांनी मला गाठलं. खांद्यावर हात ठेवला.

"काय केलंस हे? पालकांना शुद्ध भाषाच हवी असते. तुझ्याच लोकांचं भलं आहे यात."

"सर, तुम्हीच म्हणाले होते, यात अशुद्ध काय आहे म्हणून."

सरांनी खांदा थोपटला. मग अगदी मायेनं म्हणाले, "अरे, ते वर्गात."

ते वर्गात.

मागच्या बाकावर बाक वाजवणाऱ्या पोरांना कळत नव्हतं. त्यांच्यावरच्या रागावर मी केव्हाच पाणी सोडलं. सरांना कळत होतं. नियम त्यांनीच मला दाखवला. कोणत्या शब्दाखाली लाल रेघ पडते आणि तो शब्द किती बरोबर आहे, हे त्या हॉलात दोनच माणसांना माहीत होतं. एक मी. दुसरे मान हलवत होते. माझं तोंड त्यांनी मला दिलं, ते वर्गापुरतं. बाहेर त्यांनी ते विकायला काढलं. मी त्यांचा हात खांद्यावरून काढला. जोरात नाही. पण काढला.

परतीच्या गाडीत, सत्काराला सोबत आलेल्या अंगणातल्या बायाही होत्या. कन्हान नदीच्या पुलावर मोठीमाय बोलली.

"तुले मालूम होतं का गा?"

"नाही वं."

"अन् तुह्या सराले?"

"त्यायले होतं."

तिनं पदर नीट केला. "म्हंजे त्यानं तुले फसोलं अन् तुह्या भरोशावर आमी फसलो."

"हो वं," मी म्हणालो.

मग तिनं विचारलं, "मोठ्याबाबाचं बोलली होती मी त्याच्यात. त्याच्या मरनाचं. त्याच्याखाली बी लाल रेघ मारतीन काय?"

उत्तर मला माहीत होतं.

कंपनीत मी नंतर जाऊन आलो. आवाज काढा म्हणालो. तिथले साहेब म्हणाले, "त्यांनी स्वखुशीनं दिलेत. आता तो कंपनीचा डेटा आहे." सरांचा मेसेज आला, "शांतपणे विचार कर. तुझ्यापुढे भविष्य आहे." मी उत्तर दिलं नाही. भविष्य कोणापुढं नसतं?

मध्यंतरी मोठीमायला ताप होता. सरकारी दवाखान्यात मी तिच्यासोबत गेलो. नर्सनं विचारलं, काय होतं? ही बाई जन्मभर मिरचीच्या व्यापाऱ्यांशी भांडली, ग्रामसभेत सरपंचाला तिनं खाली बसवलं. ती म्हणाली, "मला..." आणि थांबली. पुढचा शब्द शोधायला लागली. नर्स वाट पाहत होती. मोठीमाय वाट पाहत होती. टुंग वाजेल म्हणून.

दवाखान्यातल्या बाकावर बसून मी जे ठरवलं, ते इथं लिहून ठेवतो.

मी आमच्या बोलीचं व्याकरण लिहिणार आहे. कोणता शब्द कुठं बसतो, का बसतो, हिंदीशी कुठं जुळतो, इंग्रजीपासून कुठं फाटा फुटतो, सगळं. त्याला सरांची प्रस्तावना नसेल. मोठीमायचं बोलणं मशीनीतून निघेपर्यंत कंपनीच्या दारात जात राहीन. वकील लागला तर वकील करीन.

आणि तोपर्यंत आणखी एक काम. माझ्या जागी त्यांनी दुसरा घेतला आहे. मौदा तालुक्यातला. त्याच्याही घरातला पहिलाच पदवीधर. त्याचा मला राग नाही. त्याच्या गावात मी त्याच्या आधी गेलो. विहारात बाया जमल्या, त्यांना सांगितलं. फोन मधे ठेवला की पहिले विचारा, आमच्या बोलण्याचं करणार काय? आमच्या पोरांना आमच्याच तोंडानं शिकवणार असाल तर लिहून द्या, मग बोलतो. नाही तर उचला फोन. बाया म्हणाल्या, पुढच्या गावालेही सांगजो. पुढच्या गावी गेलो. त्याच्या पुढच्याही.

कंपनीकडं गाड्या आहेत, मशीन आहे, सर आहेत. मी एस.टी.नं जातो. तरी आधी मीच पोचतो.