पाणी गेटाकडे

अंगणात ब्लॉक बसवायचे तर गरजेपेक्षा थोडे जास्तच मागवावे लागतात. काही उतरवताना फुटतात, काही कडेला कापण्यात जातात, आणि तरीही काम संपल्यावर कोपऱ्यात दहा-पंधरा उरतातच. ते परतही घेता येत नाहीत आणि टाकवतही नाहीत. या धंद्यात इतकी वर्षं काढल्यावर माझ्या किश्शांचंही तसंच झालंय. मित्र जमले की म्हणतात, "सांग की रं एखादा!" मी हसवायला म्हणून सुरू करतो आणि शेवटी कुणीतरी चहाचा कप खाली ठेवून घरी फोन लावतं. त्याला माझा इलाज नाही. लोकांच्या हातात अंगण करायला पैसा येतो, तोवर घरातली माणसं कमी झालेली असतात, हे मला फार उशिरा कळलं.

रहिमतपूरजवळ माझं पेव्हर ब्लॉकचं छोटं युनिट आहे. टेम्पो बाळूचा. आणि ब्लॉक बसवायला सिदूआण्णा मिस्त्री. आण्णा कवठे महांकाळकडचे. वडील मेंढरं राखायचे, आण्णांनी मात्र हातात दोरी आणि रबरी हातोडा घेतला.

* * *

आण्णांबरोबरच्या पहिल्याच कामाला मी उतार मोजायची नवीकोरी लेझर लेव्हल घेऊन गेलो होतो. साताऱ्यात एका डॉक्टरांचा बंगला. भिंतीवरची लाल रेघ बघून मी ऐटीत म्हणालो, "उतार एकदम परफेक्ट!"

आण्णांनी एक डोळा मिटून जमीन पाहिली, घरातून तांब्याभर पाणी मागितलं आणि दारात ओतलं. पाणी दोन हात गेटाकडे गेलं, थांबलं आणि वळून माझ्या चपलेखाली आलं!

"मालक," आण्णा म्हणाले, "मशिन खोटं बोलत न्हाई. पर पानी लय खरं बोलतंय."

तेव्हापासून आमचा नियमच झाला. काम संपलं की घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसानं दारात तांब्या ओतायचा. पाणी गेटाकडे धावलं तर काम पास. घराकडे फिरलं तर सगळं उचलून पुन्हा खाली दगडाची कच पसरायची, पुन्हा दोरी लावायची. एकदा उंबऱ्याशी बोटभर पाणी साचलं, तर या माणसानं झालेलं अख्खं अंगण उचललं. गिऱ्हाईक म्हणत होतं, "राहू द्या हो, चालतंय." मी तर हात जोडले होते. पण नाही! "दारात पानी आलं तर मिस्त्री कशाला म्हनायचं?"

* * *

उरलेले ब्लॉक मिस्त्रीचे, ही आण्णांची एकच अट. लाल उरो, पिवळा उरो, अर्धा तुटका उरो. बाळूचा टेम्पो मिरजेकडे निघाला की आण्णा ते गोणीत भरून गावी पाठवायचे. मला वाटायचं, विकत असतील.

एक दिवस बाळूच म्हणाला, "विकतोय कुठला! वैनींची उजवी बाजू गेलीया. अंथरुणातच असत्यात. कुणीतरी चाकाची खुर्ची दिली, पर अंगणात नुसतं दगडगोटं. चाक फिरत न्हाई. वैनींना गेटापाशी बसून रस्ता बघायचाय. तेवढंच मागनं हाय त्यांचं."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षं माणूस माझ्याबरोबर जेवतोय आणि मी कधी घरचं विचारलं नव्हतं! मी आण्णांना म्हणालो, "उद्या टेम्पो भरून ब्लॉक घेऊन जा."

"नगं मालक. तुमचं घेतलं तर त्ये तुमचं अंगण हुईल. उरल्यालं मिस्त्रीचंच असतंय. हुईल की हळूहळू."

मी सोडून दिलं. तिथंच हट्ट करायला हवा होता, असं अजून वाटतं.

* * *

साताऱ्यातले एक रिटायर्ड सुभेदार. सकाळी सहाला हातात छडी घेऊन ब्लॉकच्या रांगा तपासायचे. एक ब्लॉक जरा पुढे आला तर ओरडायचे, "हा जवान लाइनमधून बाहेर का?"

उताराच्या बाबतीत तर हुकूमच सुटला, "पाणी डबलमार्च गेलं पाहिजे!" आण्णा म्हणाले, "सायेब, एवढा उतार लय हुतोय." ऐकतोय कोण? केला. त्यांच्या म्हाताऱ्या आईनं चाकाच्या खुर्चीत बसून तांब्या ओतला आणि पाणी खरंच पळत सुटलं. सुभेदारांनी आम्हाला सॅल्यूट ठोकला!

आठवड्यानं फोन आला. सूनबाई खुर्चीचा ब्रेक लावायला विसरली आणि म्हातारी एकटीच घरंगळत गेटावर जाऊन धडकली. लागलं नव्हतं फारसं. आम्ही गेलो तर कपाळाला हळद लावून बसलेली.

"मिल्ट्रीतला ल्योक माजा," म्हातारी म्हणाली, "आईला घराभाईर काडायची, तर ढकलायचीबी तसदी ठेवली न्हाई!"

सगळे हसले. सुभेदारसुद्धा. आण्णा तेवढे हसले नाहीत. त्यांनी खुर्चीचं चाक हातानं दोनदा मागेपुढे केलं आणि विचारलं, "गेट उगडं असतं तर?"

* * *

सांगलीचं एक काम. पोरगा अमेरिकेत. त्याला घरामागे 'पॅटिओ' हवा होता. वडील म्हणाले, "पडवी म्हण की लेका!" पण पोराला दगडासारखा छाप मारलेलं काँक्रीटच पाहिजे. आण्णांनी सांगितलं, मध्ये दोन ठिकाणी कापून सांधे ठेवू, नाहीतर उन्हानं तडकेल. पोरगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, "अजिबात कापू नका, डिझाइनची वाट लागेल."

पहिल्याच उन्हाळ्यात या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला. मी बघायला गेलो, तर तड्यावर बरोबर रेघेत शेंगा वाळत घातलेल्या. तेवढ्यात फोन वाजला. वडिलांनी आधी पायानं शेंगा नीट सारल्या, मग कॉल उचलला.

"बाबा, मस्त दिसतंय! बसता का संध्याकाळी तिथं?"

"बसतात की."

"कोण कोण?"

"चिमण्या," वडील म्हणाले, आणि फोन ठेवून मला म्हणाले, "भरून देऊ नका तो तडा. फोनवर दिसला, तर तो तिथूनच पैसे पाठवून भरून घेईल. यायचं झालं तर ते निमित्त तरी राहील त्याला."

* * *

आता आमची सगळ्यात मोठी चूक. साताऱ्यातल्या एका कॉलनीत 'मातृछाया' नावाचे दोन बंगले निघाले, एक पुढच्या गल्लीत, एक मागच्या. बाळूनं माल मागच्या बंगल्यात उतरवला. आम्ही दोन दिवस काम केलं. घरात एकट्या राहणाऱ्या बाई. चहा द्यायच्या, दुपारी भाकरीला ठेचा द्यायच्या, पायरीवर बसून बघायच्या. तिसऱ्या दिवशी पुढच्या गल्लीतल्या मालकाचा फोन, "अहो, कधी सुरू करताय?"

मी डोक्याला हात लावला. "बाई, तुम्ही आम्हाला अडवलं का नाही?"

बाई म्हणाल्या, "कळलं होतं मला पहिल्याच दिवशी. पण अंगणात माणसं बोलत होती, हसत होती. म्हटलं, होऊ दे दोन दिवस."

आम्ही मान खाली घालून सगळे ब्लॉक उचलले. उघडं पडलेलं अंगण आधीपेक्षाही भकास दिसायला लागलं. पुढच्या रविवारी आण्णा गावी गेलेच नाहीत. युनिटवर साठलेल्या आपल्या गोण्या त्यांनी बाळूच्या टेम्पोत घातल्या आणि त्या बाईंच्या दारापासून गेटापर्यंत रंगीबेरंगी पायवाट घालून दिली. वर्षभराचे उरलेले ब्लॉक होते ते.

मी म्हणालो, "आण्णा, आणि वहिनी?"

"तिला सांगितलंय. म्हनली, त्या बाईंचं आदी करा. मी कुटं पळून जातीया!"

* * *

शेवटी ब्लॉक पुरले. मी, बाळू, दोन गडी असे कवठे महांकाळला गेलो. गोण्या रिकाम्या केल्या तर समोर आमचा सगळा धंदाच पसरला! डॉक्टरांचे करडे, सुभेदारांचे लाल, कुणाचे पिवळे, कुणाचे टवके उडालेले. वहिनी दारात खाटेवर होत्या. ब्लॉक दाखवून विचारत होत्या, "ह्यो कुणाच्या घरचा? आन ह्यो?"

आण्णांनी दोरी बांधली. बाळूनं पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं. "आण्णा, दोरी उलटी लागलीया. उतार घराकडं येतोय."

"येऊ दे."

"आवं, पावसाचं पानी समदं घरात शिरंल!"

"पानी पुसता येतंय," आण्णा म्हणाले. "दान आलेल्या खुर्चीचा एकच ब्रेक चालतोय, उजवीकडचा. आन तिचा उजवा हात चालत न्हाई."

बाळूनं दोरी होती तशीच ताणून धरली. संध्याकाळी वहिनींना गेटापाशी नेऊन बसवलं. मग नियमाप्रमाणे आण्णांनी त्यांना परत दारात आणलं आणि तांब्या त्यांच्या डाव्या हातात दिला. पाणी वळलं आणि सरळ उंबऱ्याला येऊन लागलं.

वहिनी हसून हसून खोकायला लागल्या. "आवं, जलमभर लोकांच्या दारातलं पानी भाईर घालवलं, आन माज्याच घरात आणलं व्हय!"

* * *

वहिनींना ते अंगण एकच हिवाळा आणि एकच उन्हाळा मिळालं.

यंदाच्या पावसाळ्यात मी आणि बाळू आण्णांकडे गेलो. दारात ओली पोती, घरात घोट्याइतकं पाणी, भिंतीचं प्लॅस्टर फुगलेलं. आण्णा खराट्यानं पाणी बाहेर लोटत होते आणि ते परत आत येत होतं. मला ते बघवेना.

मी म्हणालो, "आण्णा, आता तरी उचलू. चार दिवसांचं काम. कच बदलतो, उतार गेटाकडे घेतो. माझ्यासाठी तरी हो म्हणा."

आण्णांनी खराटा भिंतीला टेकवला. आतून ती खुर्ची आणली, फडक्यानं पुसली, ढकलत गेटापाशी नेली, तोंड घराकडे केलं आणि हात सोडला.

खुर्ची क्षणभर जागेवर थांबली. मग हळूच निघाली. सुभेदारांच्या लालवरून, डॉक्टरांच्या करड्यावरून, सांध्यांवर टकटक वाजत दारापर्यंत आली आणि उंबऱ्याला टेकून उभी राहिली.

"बगा मालक," आण्णा म्हणाले, "येतीया न्हवं?"